माल थांबतो तिथे दुकान

दुकानाला जागा कुठली घ्यावी, असं मला मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडचा कुणी नवा धंदेवाला विचारतो तेव्हा मी आधी भाडं विचारत नाही. या भागात माल कुठे नाइलाजाने थांबतो, ते विचारतो. लोक हौसेने थांबतात त्या जागा वेगळ्या. तिथे पानठेला चालतो, चहा चालतो. पण पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली दुकानं इथे उभी राहिली ती गाडीवानाला, इंजिनाला किंवा ट्रकला थांबणं भाग होतं तिथेच. मी सौंसरचा. धंदा कर-सल्लागाराचा. गावात मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मी वकील नाही, पण हे सांगणंही आता सोडलं आहे.

सातपुडा उतरला की जाम आणि कन्हान या नद्यांच्या आसपास काळी जमीन लागते आणि कापूस सुरू होतो. देवगडच्या गोंड राजांकडून हा मुलूख नागपूरच्या भोसल्यांकडे आला, 1853 मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला असा भाव आला की बैलांनाही कळलं असावं. 1867 मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. आमचा कापूस मात्र बैलबंड्यांनीच खाली जायचा. बंडी म्हटली की मुक्काम आला, मुक्काम म्हटला की पाणी, चारा, चाकाला धाव बसवणारा लोहार आणि उधारीवर मीठ-तेल देणारा किराणावाला. आमच्याकडची बाजारपेठ बंड्यांच्या मुक्कामांवर वसली, असं मी मानतो. नदीचा उतार सोपा असेल, बैल सोडायला मोकळं रान असेल, तिथे पहिली दुकानं लागली. पांढुर्ण्यात जामच्या काठी बाजार का, याचं उत्तर मला तरी याहून वेगळं सापडलेलं नाही.

त्या काळात जागेची निवड म्हणजे काय, हे जमशेटजी टाटांनी नागपुरात दाखवलं. मुंबईत गिरण्या निघत होत्या, भांडवल मुंबईत होतं, कुशल कामगार मुंबईत होते. टाटांनी 1874 मध्ये कंपनी काढली आणि गिरणी मात्र नागपुरात घातली. कापूस इथे पिकतो आणि रेल्वे दारात आहे, मग कच्चा माल मुंबईला नेऊन तिथे सूत का काढायचं, असा साधा हिशेब होता. जागा घेतली ती स्टेशनाजवळची दलदलीची. भराव घालायला माती टाकणं सुरू झालं तेव्हा एका सावकाराने पैसा द्यायला नकार दिला. हा माणूस मातीत सोनं घालतोय, असं त्याचं म्हणणं. 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं म्हणतात, की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. ही गोष्ट आमच्याकडचे जुने व्यापारी फार आवडीने सांगत. त्यांना त्यात टाटा दिसायचे की स्वतः, कोण जाणे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत रूळ आमच्याकडेही आले, आणि दोन गावांचं नशीब इथे वेगळं झालं. इटारसी-नागपूर ही मोठी लाइन पांढुर्ण्यावरून गेली. सौंसरच्या वाट्याला बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाइन आली, अडीच फुटांची, छिंदवाड्याहून घाट उतरून नागपूरला जाणारी. पांढुर्ण्याच्या पुढे उत्तरेला तीगाव-चिचोंडा घाट आहे. मालगाडीला चढायला मागून जोर देणारी इंजिनं लावावी लागतात, ज्यांना रेल्वेत ‘बँकर’ म्हणतात. म्हणजे घाट चढण्याआधी या बाजूला गाडी रखडणारच. ज्या गावाजवळ मुख्य लाइनवरची मालगाडीसुद्धा दम घेते, तिथे जिनिंग-प्रेसिंगवाल्याने जागा बघितली यात नवल नाही.

जिनिंगची जागा निवडणं हे एक शास्त्र होतं. बॉयलरला पाणी हवं. शंभर बंड्या उभ्या राहतील एवढं पटांगण हवं. रुई कोरडी, एका ठिणगीने सगळं संपायचं, म्हणून वस्तीपासून सुटं हवं. पण फार लांबही नको, कारण सरकी नेणारा आणि मजूर गावातूनच येणार. या सगळ्या अटींत बसणारी जमीन बहुधा एकाच बाजूला सापडायची, आणि ती सापडली की तिच्या फाटकासमोर रांगेने लहान धंदे लागायचे. कापसाची बंडी पहाटे येऊन काट्यासाठी नंबर लावायची. शेतकरी दुपारपर्यंत तिथेच. त्या दुपारवर किती घरं जगली! शिवणकाम, सलून, दोर-चऱ्हाटाचं दुकान, खानावळ. हंगाम संपला की यातले अर्धे पडदे टाकून बसायचे. भाडं मात्र बारा महिन्यांचं. माझे आजोबा अशाच एका फाटकासमोर किराणा चालवत. त्यांच्या वहीत फाल्गुनानंतरची पानं जवळजवळ कोरी असत आणि दिवाळीपासूनच्या पानांवर शाई पसरलेली असे.

कापूस बाजार हाही पुढे कायद्याने एका जागी बांधला गेला. वऱ्हाडात कारंज्याचा नियंत्रित बाजार 1886 चा, त्यानंतर 1897 चा वऱ्हाडचा कायदा, मध्य प्रांताचा कापूस बाजार कायदा 1932 चा, आणि मध्य प्रदेशाचा कृषी उपज मंडी अधिनियम 1972 चा. प्रत्येक कायद्याने खरेदी चौकातून उचलून बाजाराच्या आवारात नेली. अडत्याला ते सोयीचं झालं, चौकातल्या लहान दुकानदाराचं गिऱ्हाईक मात्र त्या आवारात गेलं.

आता भाड्याचं. 1949 मध्ये ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर’ निघाली. भाडेकरूला काढायची नोटीस द्यायची तर मालकाने आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्यायची. तेव्हा नागपूर, काटोल, सौंसर, पांढुर्णा सगळं एकाच प्रांतात. मग 1 नोव्हेंबर 1956 आला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर आम्ही मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्णेकरही. राजधानी नागपूरहून भोपाळला आणि हायकोर्ट जबलपूरला गेलं. लोक याची भाषेच्या अंगाने हळहळ करतात. माझ्या धंद्यात ती कागदाच्या अंगाने कळते. तिकडे विदर्भात 1949 चीच ऑर्डर 2000 सालापर्यंत चालली, महाराष्ट्राचा नवा भाडे कायदा येईपर्यंत. इकडे मध्य प्रदेशाने 1961 मध्ये आपला स्थान नियंत्रण अधिनियम केला. शेतजमिनीवर शेड टाकायची तर तिकडच्या नरखेडचा माणूस ‘एनए’ करतो, दहा-वीस मैलांवरचा पांढुर्ण्याचा माणूस ‘डायव्हर्शन’ करतो. दोघांच्या सुना एकाच घरच्या असतात.

दोन्ही बाजूंना परिणाम मात्र सारखा झाला. मालक भाड्याने द्यायला घाबरू लागला आणि पगडी आली. आमच्या बाजारातला एक मालक म्हणायचा, “गाळा दिला का, भाडेकरू पोरगा म्हणून बसतो अन् आजोबा होऊन उठतो.” म्हणून बाजाराच्या मधोमध, सगळ्यात महाग ठिकाणी, कुलूप लावलेले गाळे दिसत. बाहेरचा कुणी धंदा काढायला आला की त्याला हे कोडं वाटायचं.

सरहद्द पडली की नाके पडतात, आणि नाका म्हणजे नाइलाजाने थांबण्याची सगळ्यात पक्की जागा. आधी जकात. मध्य प्रदेशाने ती 1976 मध्ये काढून प्रवेश कर आणला. महाराष्ट्रात नगरपालिकांची जकात 1999 मध्ये गेली, नागपूर शहराची 2013 मध्ये. शिवाय विक्रीकर. इकडून सावनेरला माल विकायचा तर सी फॉर्म, स्वतःच्याच तिकडच्या दुकानात पाठवायचा तर एफ फॉर्म. महाराष्ट्रात व्हॅट 2005 मध्ये आला, मध्य प्रदेशात 2006 मध्ये; मधलं एक वर्ष एकाच व्यापाऱ्याच्या दोन दुकानांचे हिशेब दोन जगांत चालत होते. हुशार व्यापाऱ्यांनी या काळात एक गाळा पांढुर्ण्यात आणि एक नरखेडात ठेवला, भाऊ इकडे, मेहुणा तिकडे. कोणता माल कोणत्या बाजूने विकायचा हे दर पाहून ठरे. यातलं किती कायदेशीर होतं ते मी इथे लिहिणार नाही.

माझी स्वतःची पहिली जागा सातनूरच्या बाजूला, नाक्याजवळ, पत्र्याच्या टपरीत होती. एक टेबल, कार्बन पेपर, आणि मध्य प्रदेशात येणाऱ्या मालासाठी लागणाऱ्या फॉर्म 49 ची चळत. रात्री दोनला ट्रकवाला उठवायचा. शेजारी पंक्चरवाला, एसटीडी बूथ, झेरॉक्स, ढाबा. आमच्यातला एकही जण या जागेच्या सौंदर्यावर भाळून आलेला नव्हता. ट्रक थांबतो, म्हणून आम्ही. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला, विक्रीकराचे नाके बंद झाले, आणि ट्रक आमच्यासमोरून न थांबता जाऊ लागले. वाहतूक खात्याचे नाकेही मध्य प्रदेशाने 1 जुलै 2024 पासून बंद केले. नागपूर-बैतूल रस्ता चौपदरी झाल्यावर पांढुर्ण्याच्या आतल्या रस्त्यावरची दुकानं अशीच ओस पडली. सौंसरची छोटी लाइन 2015 च्या अखेरीस बंद झाली ती रुंद करण्यासाठी. तिच्यावरची गर्दी ज्यांचा धंदा होती ते रुंद रूळ येईपर्यंत थांबू शकत नव्हते.

या सगळ्यात एक जागा मात्र कागदावर विचार करून निवडलेली आहे: सौंसर तालुक्यातलं बोरगाव औद्योगिक क्षेत्र. 1991 मध्ये रेमंडने इथे कापडाचा कारखाना काढला. नागपूर साठ-पासष्ट किलोमीटरवर, म्हणजे विमानतळ, इंजिनिअर आणि बाजार महाराष्ट्राचा. जमीन आणि राज्य मध्य प्रदेशाचं. टाटांनी कच्च्या मालाजवळ जाऊन जागा निवडली होती, इथे सरहद्दीजवळ जाऊन निवडली गेली, असं मला वाटतं. बोरगावच्या फाटकाबाहेर डबेवाले, गणवेश शिवणारे, खोल्या भाड्याने देणारे वाढले. जिनिंगच्या फाटकासमोरचंच चित्र, फक्त पाळी आठ तासांची.

पांढुर्ण्यात जागा घेणाऱ्याला अजून एक हिशेब करावा लागतो, तो बाहेरच्याला सुचत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात गोटमार होते. मधोमध पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. नदीकाठचा दुकानदार आदल्या रात्री काचा काढतो, पत्रे ठोकतो. या प्रथेबद्दल माझं मत कडक आहे. दरवर्षी माणसं जखमी होतात आणि आपण चंडीमातेचं नाव घेऊन बघत बसतो. पण गाळा बघायला आलेल्याला मी एवढंच सांगतो, की समोर काचेचं शोरूम करायचं असेल तर नदीपासून चार गल्ल्या मागे जा.

ऑगस्ट 2023 मध्ये जामसावळीच्या हनुमान मंदिरात मुख्यमंत्र्यांनी पांढुर्णा जिल्हा करण्याची घोषणा केली, आणि ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून जिल्हा झालासुद्धा. तेव्हापासून माझा फोन वाजतोय. स्टॅम्प व्हेंडर, टायपिस्ट, नोटरी, झेरॉक्सवाला, सगळ्यांना कलेक्टर कचेरीची कायमची इमारत कुठे होणार हे आधी कळायला हवं आहे. नाका गेला तसा आता कचेरीच्या दारात माणसाला नाइलाजाने थांबावं लागणार, हे त्यांनी बरोबर ओळखलंय. आजवर जिल्ह्याच्या कामासाठी छिंदवाड्याला दिवसभराची चक्कर मारणारा पांढुर्ण्याचा शेतकरी त्यांचं गिऱ्हाईक आहे. नजूलच्या, म्हणजे सरकारी, जमिनीलगतचे प्लॉट कोण विचारतंय, हे बघितलं की इमारत कुठे होणार याचा अंदाज लोक बांधतात. कधी तो चुकतो आणि कुणाचे तरी पैसे मोकळ्या रानात अडकतात.

गेल्या हंगामात लोधीखेड्याकडची एक मुलगी आली, नागपुरात फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. घरचा संत्र्याचा बगीचा. व्यापारी मृग बहार झाडावरच ठोक घेतो आणि कॅरेट भरून दिल्लीकडे नेतो, त्यातलं बारकं फळ मागे राहतं. त्या फळाचा गर आणि बर्फी करून ती फोनवरून विकणार होती. मी माझा नियम सांगितला, बाजार दाखवला, बोरगावचं फाटक दाखवलं, कचेरीचे संभाव्य प्लॉटसुद्धा.

“काका, माझं गिऱ्हाईक पुण्याले आहे जी,” ती म्हणाली. “इथं कोणीच थांबणार नाही. कुरिअरवाला दिवसातून एकदा येते. मले फक्त सांगा, थ्री फेज लाइन दिवसा कुठं सगळ्यात कमी जाते?”

हे मला माहीत नव्हतं. फळ ठेवायला तिला कोल्डरूम हवी होती आणि दुपारी तीन तास वीज गेली तर माल नासणार होता. आम्ही वीज कंपनीच्या लाइनमनला गाठलं. त्याने कागदावर फीडर काढून दाखवले: शेतीचा कुठला, गावठाणाचा कुठला, उद्योगाचा कुठला. उद्योगाच्या फीडरवर एक जुनं बंद गोडाऊन निघालं, छत गळकं, रस्ता कच्चा, आजूबाजूला एकही दुकान नाही. मी असतो तर बघायलाही थांबलो नसतो. तिने मालकाशी अकरा महिन्यांचा करार केला, आणि पहिल्या आठवड्यात पाट्या रंगवायच्या सोडून छतावर डांबर घालून घेतलं.