धाडदिशी

चौसाळ्यात ट्रॅक्टरवरून सोयाबीनचं पोतं निसटलं, तर बघणारा म्हणतो, "धाडदिशी आपटलं की!" पुस्तकात तेच पोतं 'धाडकन' पडतं. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या या गावातलं 'दिशी' अनेकांना अशुद्ध वाटतं. ते मला खटकतं, म्हणून त्याचं कूळ सांगतो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात 'खटकन' उघडावा, तर त्याला लागूनच 'कर', 'दिनीं', 'दिशीं' ही शेपटं दिलेली आहेत. सगळी एका ओळीत, मानाने सारखी. 'दिशी' हे 'कन'चं बिघडलेलं रूप नव्हे, त्याचं सख्खं भावंड आहे.

अशा आवाजाच्या शब्दांचं मूळ घराणं तर फार जुनं. शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात 'काक' हे नाव कावळ्याच्या आवाजावरून पडल्याचं सांगितलं, पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ होतं असंही नोंदवलं. तिथेच औपमन्यव या आचार्याचं विरुद्ध मतही आहे: नावं आवाजाच्या नकलेतून होत नाहीत. व्याकरणकार पाणिनीने तर अशा अस्फुट आवाजांच्या नकलेला चक्क सूत्र दिलं. आवाजाचा शब्द दुणावायचा, त्याला 'डाच्' प्रत्यय लावायचा आणि 'करणे', 'होणे' यांच्याशी जोडायचा. त्यातून तयार होतं 'पटपटा'. शाळेची वेळ झाली की आई जे ओरडते, तेच!

आवाज किती वेळा झाला, हेही आपण शब्दाच्या घडणीतच सांगतो. दार एकदा आपटलं तर धाडकन किंवा धाडदिशी, गल्लीतली दारं एकामागून एक लागली तर धडाधड. जपानीत दार 'बातान् तो' लागतं. तिथलं 'तो' हे शेपूट आपल्या 'कन'चंच काम करतं, आणि पुन्हापुन्हा होणाऱ्या आवाजाला 'बाताबाता' असा दुणावलेला शब्द आहे. दोन भाषांचं नातं काही नाही, कान मात्र एका वळणाचा.

मग आवाज गळून जातो आणि वेग उरतो. 'पटकन', 'झटकन' यांत आता काही वाजत नाही. खाडकन डोळे उघडतात तेव्हा पापणीचा आवाज कुणी ऐकलेला नसतो, तरी दुसरा शब्द तिथे बसत नाही.

एक आवाज मात्र आपल्या वर्णमालेत मावला नाही: जीभ दातांमागे चिकटवून सोडली की होतो तो. झुलू आणि खोसा भाषांत ते रीतसर व्यंजन आहे, त्याला अक्षर आहे. तुर्कस्तानात मान किंचित वर करून तो काढला की अर्थ 'नाही'. आपण 'च्‌ च्‌' असं जेमतेम लिहितो. पण त्याचं क्रियापद केलं, आणि त्यात माणसासोबत पालही बसवली. भिंतीवर पाल चुकचुकते. आणि पोतं फुटून वर्षाची कमाई डांबरावर पसरली की गोळा झालेली माणसं आधी चुकचुकतात, मग खाली बसून दाणे वेचू लागतात.