कोळशाचा भाव आणि वाटेचा भाव

जळणाची गाडी विकत घेताना खेड्यातला जाणता माणूस आधी लाकूड उचलून पाहतो. ओले लाकूड वजनाला भरते, पण चुलीत नुसते धुमसते. पैसे लाकडाचे द्यायचे आणि घरी पाणी आणायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार. कोळशाचेही तसेच आहे. चांगल्या काळ्या कोळशात उष्णता पुष्कळ. तपकिरी कोळसा, म्हणजे लिग्नाइट, हा कच्चा. त्यात पाण्याचा अंश फार. आणि आगबोट काय, आगगाडी काय, भाडे घेते ते वजनावर, उष्णतेवर नाही. म्हणून तमिळनाडूत नेवेलीचा तपकिरी कोळसा खाणीच्या शेजारीच जाळून त्याची वीज करतात. तो दूर नेणे परवडत नाही. तात्पर्य, कोळशाचा भाव जितका खाणीवर ठरतो, तितकाच वाटेवरही ठरतो. मुंबईचा इतिहास हेच सांगतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती आजच्या घाटकोपर-मुलुंडच्या बाजूने. पुढच्याच वर्षी कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. इंजिनाला कोळसा हवा, गिरणीच्या बॉयलरलाही हवा. बंगालमध्ये राणीगंजला कोळसा होता. पण मुंबईचे आणि कलकत्त्याचे रूळ जबलपूरला जुळले ते १८७० साली. तोवर, आणि नंतरही पुष्कळ वर्षे, मुंबईला विलायतेचा कोळसा येत राहिला. इतक्या दूरचा कोळसा देशी कोळशाशी टक्कर कशी देई? कारण सोपे आहे. जहाजे इथला कापूस न्यायला येत. रिकामे जहाज समुद्रात डोलते. त्याच्या पोटात काही वजन हवेच. मग त्यात कोळसा भरला, तर भाडे थोडक्यात पडे. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि वाट आणखी आखूड झाली.

पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण आफ्रिकेचा कोळसा मुंबईत येऊ लागला. तिकडे निर्यातीच्या कोळशाला रेल्वेभाड्यात सवलत मिळे. आपल्याकडच्या खाणवाल्यांनी तक्रार केली, आणि प्रश्न टॅरिफ बोर्डापुढे गेला. हे भांडणही खाणीपेक्षा वाटेचेच होते.

दरम्यान वजन वाहण्याची कटकटच टाळणारा एक उपाय निघाला होता. १९१५ साली खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटातल्या पाण्याची वीज तारेवरून गिरण्यांत आली. १९२८ साली अंधेरीवरून बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या.

पण वस्ती वाढली आणि पाण्याची वीज पुरेना. १९५६ साली ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र उभे राहिले. पुढे १९९५ च्या सुमारास डहाणूला ५०० मेगावॉटचे केंद्र झाले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर इथल्या दिव्यांना त्याची वीज मिळू लागली. आता परदेशी कोळसा येतो तो मुख्यतः इंडोनेशियाहून. त्यातला बराचसा तपकिरी आणि काळा यांच्या मधल्या जातीचा आहे. उष्णता बेताची, पण राख कमी आणि सागरी वाट जवळची.

जवळची वाट म्हणजे बिनधोक वाट नव्हे. २००६ साली कच्छमधील मुंद्र्याच्या ४००० मेगावॉटच्या केंद्रासाठी युनिटला सरासरी २ रुपये २६ पैसे असा दर बोलला गेला. त्यात महाराष्ट्राचाही वाटा होता. २०११ साली इंडोनेशियाने निर्यातीचा भाव जागतिक बाजाराशी बांधला आणि सगळा हिशेबच मोडला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परदेशातला कायदा बदलून कोळसा महागला, हे करार मोडण्याचे कारण होत नाही, असे न्यायालयाने २०१७ साली सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये तर इंडोनेशियाने निर्यातच काही काळ बंद केली. पुढे युक्रेनचे युद्ध पेटले आणि ऑस्ट्रेलियाच्या कोळशाचा भाव टनाला ४०० डॉलरवर गेला.

याचा चटका आपल्याला कसा बसतो? विजेच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' अशी एक ओळ असते. इंधन महागले की तिचा आकडा फुगतो. मग घर मुलुंडला असो की मराठवाड्यातल्या एखाद्या वाडीत.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक उदाहरण घालावे. एक कोळसा किलोला ६००० किलोकॅलरी देतो, भाव टनाला ६००० रुपये. दुसरा ४२०० किलोकॅलरी देतो, भाव ४८०० रुपये. (आकडे हिशेबापुरते धरले आहेत.) स्वस्त कोणता? मुले झटकन दुसरा म्हणतील. पण रुपयामागे पहिल्याची उष्णता १००० पडली, तर दुसऱ्याची ८७५ च पडेल.

२०२४-२५ साली देशात १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला आणि आयात आदल्या वर्षीच्या सुमारे २६ कोटी टनांवरून २४ कोटींवर आली. ही गोष्ट चांगलीच आहे. तरी वर्तमानपत्रात 'कोळसा स्वस्त' असा मथळा दिसला, तर तीन प्रश्न विचारायला विसरू नका: उष्णता किती, वाट केवढी, आणि त्या वाटेची किल्ली कोणाच्या हाती?