कलावंताची ओळख

उज्जयिनीत दरवर्षी देवप्रबोधिनी एकादशीच्या सुमारास कालिदास समारोह भरतो. पं. सूर्यनारायण व्यास यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या समारोहाचे उद्घाटन १९५८ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. नाट्यप्रयोगांबरोबर कालिदासाच्या कृतींवरील चित्रांचे व शिल्पांचे प्रदर्शनही येथे मांडले जाते. ते पाहत असता आम्हांस एक प्रश्न पडतो : समाज कलेला आश्रय देतो, तेव्हा कलावंतालाही देतो काय?

खुद्द कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त या प्रश्नाचे बीज आहे. राजा अग्निमित्र मालविकेस प्रथम चित्रात पाहतो. पुढे ती प्रत्यक्ष दृष्टीस पडावी म्हणून दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठत्वाचा वाद लावून दिला जातो आणि तिचे नृत्य घडविले जाते. प्रयोग उत्तम होतो, परीक्षकही जाणती असते. परंतु ही नर्तकी खरी कोण, हे दरबारास ठाऊक नसते.

इतिहासातही असेच घडत आले आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. दिवाणांचे नाव आपण घेतो. पाथरवटांचे कोण घेतो? याच उज्जयिनीचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली भीमबेटकाचे चित्रित शैलाश्रय उजेडात आणले. वाकणकर स्वतः चित्रकार होते, म्हणूनच त्या खडकांवरील रेषा केवळ अवशेष न राहता चित्रे म्हणून त्यांच्या नजरेस पडल्या. त्या प्राचीन चित्रकारांची नावे कधीच कळणार नाहीत. परंतु आपल्याच काळात गावोगावच्या भिंती रंगविणाऱ्यांची नावे आपण विचारली नाहीत, याला काळाचा दोष देता येणार नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथील हार्मन फाउंडेशनने १९२६ पासून त्यांना पारितोषिके दिली व पुढे प्रदर्शनेही भरविली. तथापि, १९३४ साली रोमारे बेअर्डेन या तरुण चित्रकाराने या औदार्यावर टीका केली. कलावंताचा वर्ण पाहून कौतुक करणे म्हणजे त्याच्या कलेची खरी परीक्षा टाळणे होय, असा तिचा आशय होता. १९६८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘स्टुडिओ म्युझियम’ निघाले. संग्रहालयातच कलावंतांना काम करण्यास जागा द्यावी, ही कल्पना विल्यम टी. विल्यम्स या चित्रकाराची. संस्थेचे नावही त्या कार्यशाळेवरूनच पडले. येथे केवळ भिंतीवर टांगलेल्या कृतीला नव्हे, तर ती घडविणाऱ्यालाही जागा मिळाली.

आपल्याकडे हे कार्य १९८२ साली भोपाळात उघडलेल्या भारत भवनाने केले. तेथील ‘रूपंकर’ संग्रहालयाचे प्रमुख जगदीश स्वामीनाथन हे चित्रकार होते. त्यांनी आदिवासी चित्रांना मानववंशशास्त्राच्या दालनात न ठेवता शहरी कलावंतांच्या कृतींशेजारी, समकालीन कला म्हणून मांडले. झाबुआकडील भिल्ल स्त्री भुरीबाई भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करीत होती. स्वामीनाथनांनी तिला चित्रे काढावयास सांगितले. २०२१ साली ती पद्मश्री झाली. पाटणगढचा गोंड तरुण जनगढसिंह श्याम याची भिंतचित्रे पाहून त्यालाही भोपाळास आणण्यात आले, व तेथील मुद्राचित्रण विभागात त्यास काम मिळाले. १९८९ साली त्याची कृती पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पोहोचली.

जनगढचा खरा मोठेपणा मात्र आम्हांस अन्यत्र दिसतो. त्याने भोपाळातील आपल्या घरी गावाकडचे आप्त बोलावून घेतले व त्यांच्या हाती कुंचला दिला. त्या घरातून गोंड चित्रकारांची एक पिढीच उभी राहिली. त्यांपैकी भज्जू श्याम लंडन येथे दोन महिने राहिला. एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवून परतल्यावर त्याने ते शहर आपल्या गोंड दृष्टीने एका चित्रग्रंथात उतरविले.

पण हीच वाट जनगढला घातक ठरली. जपानमधील निइगाता प्रांतात मिथिला संग्रहालय आहे. तेथे चित्रे काढण्यासाठी गेला असता जुलै २००१ मध्ये त्याने आपले जीवन संपविले. घराची ओढ त्याने पत्रांतून कळविली होती. त्याच्या मृत्यूनंतर देशातील अनेक कलावंतांनी प्रश्न केला : परदेशी जाणाऱ्या लोककलावंताशी करार कोणत्या भाषेत होतो, मोबदला कोण ठरवितो, आणि मन रमेनासे झाल्यास त्याच्या परतीची सोय कोण पाहतो? हे प्रश्न रुक्ष वाटतील. परंतु आश्रय या शब्दाचा अर्थ त्यांतच सामावलेला आहे. ज्या घरातून बाहेर पडता येत नाही, ते आश्रयस्थान नव्हे.

सारांश, जागा व द्रव्य संस्था देऊ शकते, आणि ते तिने द्यावेच. पण ओळख बहुधा कलावंतच कलावंताला देतो. वाकणकर, विल्यम्स, स्वामीनाथन, जनगढ हे सारे प्रथम चित्रकार होते. ज्या अध्यापकांच्या शाळेत एखादे वारली किंवा भिल्ल मूल पाटीवर रेषा ओढीत बसले असेल, त्यांनी हे ध्यानी ठेवावे. ‘मालविकाग्निमित्रा’च्या शेवटच्या अंकात मालविका ही राजकन्या असल्याचे उघड होते. तिला ओळखणारा राजा नव्हे. तिला ओळखतात त्या विदर्भाहून आलेल्या दोन कलानिपुण मुली.