फोंतेनब्लोच्या निळ्या वाटा

पॅरिस शहराच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरांवर फोंतेनब्लोचे अरण्य पसरले आहे. शतकानुशतके ते फ्रान्सच्या राजांचे मृगयास्थान होते. त्यातील रुंद रस्ते शिकाऱ्यांच्या घोड्यांसाठी व लाकडाच्या गाड्यांसाठी आखलेले. पायी चालून वनशोभा पाहू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाचा विचार ते आखताना कोणी केला नव्हता. तो विचार ज्याने प्रथम मनावर घेतला, तो अधिकारी नव्हता की वनशास्त्रज्ञ नव्हता. क्लोद फ्रांस्वा देनेकूर (१७८८-१८७५) हा नेपोलियनच्या सैन्यातील एक जखमी शिपाई होय.

१८४२ साली देनेकूरने पहिली पायवाट आखली. प्रारंभी वनखात्याची रीतसर अनुज्ञाही त्याच्यापाशी नव्हती. खर्च बहुतांशी पदरचा. त्याची वाट सरळ कधी जात नसे. प्रचंड शिळांच्या फटींतून ती वळे, एखाद्या वृद्ध ओक वृक्षापाशी थबके आणि अवचित उंचवट्यावर नेऊन दूरवरचा देखावा दाखवी. वाटसरू चुकू नये म्हणून झाडांवर व खडकांवर त्याने निळ्या खुणा रंगविल्या आणि मार्गदर्शक पुस्तिकाही लिहिल्या. खुणांनी दाखविलेल्या वनवाटांचा हा जगातील आद्य प्रयत्नांपैकी एक मानला जातो. १८४९ मध्ये आगगाडी फोंतेनब्लोस पोचली आणि पॅरिसचे नागरिक रविवारी या वाटांवरून हिंडू लागले. देनेकूरच्या हातून अशा सुमारे १५० किलोमीटर वाटा तयार झाल्या.

परंतु सर्वांनाच हे रुचले नाही. अरण्याच्या कडेस बार्बिझों गावी तेओदोर रूसो प्रभृति चित्रकार राहत. जुन्या ओक वृक्षांची तोड व त्यांच्या जागी होणारी पाइनची लागवड यांविरुद्ध रूसोने १८५२ साली सरकारदरबारी दाद मागितली. कलावंतांना कुऱ्हाडीचे भय होते, तसेच गर्दीचेही होते. एकांत हेच ज्या वनाचे वैभव, तेथे निळे बाण रंगविणे त्यांपैकी कित्येकांना रसभंग वाटे. उलट १८५५ मध्ये बोदलेअर, गोतिए, नेर्वाल इत्यादी साहित्यिकांच्या लेखांचा एक संग्रह देनेकूरच्या गौरवार्थ प्रसिद्ध झाला.

१८५३ मध्ये ६२४ हेक्टर वन तोडीतून वगळण्यात आले. १८६१ च्या राजाज्ञेने हे क्षेत्र १,०९७ हेक्टर झाले. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाच्या ११ वर्षे आधीची ही गोष्ट. चित्रकारांनी वनाची बाजू मांडली हे खरे; पण ज्या वनात हजारो नागरिक स्वतः हिंडून आले होते, त्याची तोड ही आता केवळ खात्याची बाब राहिली नव्हती.

देनेकूरनंतर शार्ल कोलिने याने हे काम पुढे चालविले, आणि १९०७ साली अरण्याच्या मित्रांची संस्था स्थापन झाली. निसर्गरक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघ १९४८ मध्ये फोंतेनब्लो येथेच जन्मास आला. तथापि कलावंतांची शंकाही निराधार नव्हती. १९५३ पासून अरण्याचे काही भाग पूर्णतः निसर्गावर सोपविले आहेत. तेथे कुऱ्हाड चालत नाही आणि माणसांच्या संचारावरही निर्बंध आहेत. लोकांना वनात नेणारी वाट वनास मित्र मिळवून देते. मात्र ती कोठे थांबावी, हे ठरविणे हेही वाट आखणाऱ्याचेच कर्तव्य होय.