योशिमीच्या कड्यातली थडगी

* योशिमी ह्याकुआना : तोक्योच्या वायव्येस, साइतामा प्रांतातल्या टेकडीच्या मऊ खडकात कोरलेली २१९ थडगी, काळ सहाव्या-सातव्या शतकाचा. १८८७ मध्ये त्सुबोई शोगोरो या तरुण अभ्यासकाने ती खणली आणि ही कोरोपोक्कुरू या दंतकथेतल्या बुटक्या लोकांची घरे, असे ठामपणे मांडले. पुढे ती थडगीच ठरली. वाकून आत शिरले की भिंतीलगत प्रेतासाठी कोरलेला ओटा दिसतो. काही खोल्यांत असे एकाहून अधिक ओटे आहेत. म्हणजे एकाच कुटुंबातली माणसे इथे एकामागून एक आणली जात असावीत. पायथ्याच्या काही पोकळ्यांत हिरवे चमकणारे, संरक्षित शेवाळ आढळते.

१९२३ पासून हे राष्ट्रीय स्मारक असूनही महायुद्धाच्या अखेरीस विमानांच्या भूमिगत कारखान्यासाठी याच टेकडीत बोगदे खणले गेले आणि काही थडगी कायमची गेली. हे नुकसान अक्षम्यच.