चरीचा संप : सहा वर्षे ओस राहिलेली खाजण

१/ अलिबाग तालुक्यातील खारेपाटाची भातजमीन निसर्गदत्त नव्हे. भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल चिखलमातीचे बांध घालून, पावसाने क्षार धुऊन निघेपर्यंत थांबून, पिढ्यान्‌पिढ्या आगरी व इतर शेतकऱ्यांनी ती शेतीखाली आणली.

२/ हे काम एका घराचे नव्हते. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की खारे पाणी एकाचेच शेत बुडवीत नसे. साऱ्या खाजणाचा घास घेई, आणि एकदा मुरलेला खार निघायला काही पावसाळे जात. म्हणून बांध राखायला अख्खे गाव धावे. कोकणच्या किनाऱ्यावर सामुदायिक जीवनाची पहिली शाळा देवळापेक्षा या बांधावरच भरली असावी.

३/ परंतु सातबारा उताऱ्यावर, कबुलायतीत व खळ्यावर मालक वेगळा होता. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा होता. पिकाचा मोठा हिस्सा त्याच्या कोठारात जाई. वर वेठबिगार निराळी.

४/ २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली. नेते होते नारायण नागू पाटील. ठराव साधा होता : खोताची जमीन कसायची नाही.

५/ या साधेपणात किती धोका होता, हे खारेपाट जाणणाऱ्यालाच उमगेल. गिरणीचा संप मिटला की यंत्र पुन्हा फिरते; पण दुर्लक्षिलेला बांध समुद्र परत करीत नाही. ज्या जमिनीवर आपला हक्क सांगायचा, तीच आपल्या हातांनी ओस टाकायची होती. पोट भरायला लोक डोंगरात लाकूडफाट्यासाठी गेले, खाडीत मासे-चिंबोऱ्या शोधू लागले. एक पावसाळा नव्हे, १९३९पर्यंत हे चालले.

६/ डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच काळात, १९३७ साली, नारायण नागूंनी ‘कृषीवल’ सुरू केले. कुळांच्या बाजूने बोलणारे पत्र खुद्द कुलाबा जिल्ह्यातूनच निघू लागले, ही बाब विधेयकाइतकीच मोलाची मानावी लागेल.

७/ तत्कालीन महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी प्रश्नात लक्ष घातले. १९३९च्या कूळ कायद्याने ‘संरक्षित कूळ’ ही संज्ञा कायद्याच्या भाषेत आणली. खोती मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९च्या कायद्याने संपुष्टात आली.

८/ त्याच्या एक वर्ष आधी, १९४८ मध्ये, खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा होऊन बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी मंडळाकडे सरकू लागली. कूळ मालक होण्याच्या वाटेवर होते. त्याच वेळी बांध गावाच्या हातून सुटू लागला. उधाणाचे वेळापत्रक तेवढे पूर्वीचेच राहिले.