ठेव आणि ताळा : पेण-रोह्याच्या सहकारी बँकांचा धडा

कोकणच्या वाटेवरील पेण हें गांव तांदूळ, मीठ आणि गणपतीच्या मूर्ती यांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील मूर्तिकाराला हंगामापूर्वींच माती व रंग घ्यावे लागतात. पैसा मात्र मूर्ती विकल्यावर हातीं येतो. मधल्या महिन्यांत त्याला रास्त व्याजानें कर्ज मिळावें आणि पेन्शनराची शिल्लक सुरक्षित रहावी, अशाच गरजांतून लहान सहकारी बँका निघाल्या.

सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा आपल्याकडे १९०४ सालीं झाला. जर्मनींतील रायफायझेन यांच्या पद्धतीस अनुसरून खेड्यांतील संस्थांच्या सभासदांवर अमर्याद जबाबदारी टाकण्यांत आली. एकानें बुडविलें तर सर्वांनीं भरावयाचें. मग शेजारी शेजाऱ्यावर आपोआप नजर ठेवी. शहरांतील संस्थांस मर्यादित जबाबदारीची मोकळीक होती. तेथें शेजाऱ्याच्या नजरेची जागा चोख दप्तरानें घेणें अवश्य होतें.

बँकिंगचा व्यापक कायदा १९४९ सालीं आला. त्या वेळीं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. त्यांचें घर रोह्यास. परंतु सहकारी बँका त्या कायद्याच्या कक्षेंत आल्या त्या १ मार्च १९६६ पासून. त्यानंतरही नोंदणी व निवडणुका सहकार खात्याकडे आणि बँकिंग रिझर्व्ह बँकेकडे, असा दुहेरी कारभार राहिला. दोन पहारेकरी असले म्हणजे प्रत्येकास वाटतें, दुसरा जागा आहे.

सप्टेंबर २०१० मध्यें रिझर्व्ह बँकेनें पेण अर्बन सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. पांचशे कोटी रुपयांहून अधिक रकमेचीं बनावट कर्जखातीं असल्याचें तपासांत पुढें आलें. सुमारें दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. ठेवविम्याची मर्यादा तेव्हां एक लाख रुपये होती. ती पांच लाख झाली २०२० सालीं. रोहा-अष्टमी सहकारी अर्बन बँकेच्या ठेवीदारांवरही ताटकळण्याची पाळी आली.

खोट्या कर्जाचें विष चटकन दिसत नाहीं. नसलेल्या ऋणकोच्या नांवें रक्कम लिहिली कीं तिच्यावरील व्याज उत्पन्नांत जमा होतें. हप्ता थकला तर दुसरें खोटें कर्ज काढून तो भरतां येतो. कागदावर थकबाकी नाहीं, नफा आहे, लाभांशही वाटला जातो; आणि हें सारें भागतें नव्या ठेवींतून. म्हणून अशा संस्थेची सुस्थिति ताळेबंदांतील नफ्यावरून ठरवूं नये. ठेव काढणारे एकदम दारांत आले कीं तो नफा विरून जातो.

यावरील उपाय साधे आहेत. कर्ज मंजूर करणारा एक, पैसे देणारा दुसरा आणि नोंद तपासणारा तिसरा असावा. ऋणकोस प्रत्यक्ष भेटून त्याची बाकी त्याच्याकडून कबूल करून घ्यावी. तारण जाऊन पहावें. रोजची रोकड रोज जुळवावी. कारकुनास वर्षांतून एकदां सक्तीची रजा देऊन त्याचें टेबल दुसऱ्यानें सांभाळावें. ह्याला खर्च येतो आणि लहान संस्थेस तो जड वाटतो. परंतु एकच मोठें बुडीत कर्ज कित्येक वर्षांचा नफा गिळतें.

सहकाराचा पाया विश्वास, हें खरें. पण घरांतील कर्ता माणूसही वाण्याच्या वहीशीं आपला हिशेब ताडून पाहतो. त्यांत वाण्याचा अपमान होत नाहीं. संचालकांस हिशेब विचारणारा सभासद हा संस्थेचा वैरी नव्हे, तिचा पहिला राखणदार होय.